रातांब्याची साल आणि वजन घटविण्याच्या गोळ्या

कोकणातील व्यापाऱ्यांना रातांबा नवा नाही. एप्रिल-मेमध्ये फळ उतरते, फोडून गर-बिया काढतात, साल मिठाच्या रसात पुन्हा पुन्हा बुडवून उन्हात वाळविली की आमसूल तयार. खारविलेला रस तो आगळ, बियांचे तेल ते मुठेल. या सालीला आणखी एक गिऱ्हाईक आहे ते वजन घटविण्याच्या गोळ्यांसाठी अर्क काढणाऱ्या कारखानदाराचे. त्याला आमटीची चव नको, सालीतले आम्ल हवे.

हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल हे त्याचे नाव. केरळातील कुडमपुळी ही आपल्या कोकमाची सख्खी बहीण. १९६५ साली म्हैसूरच्या अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतील लुईस व नीलकंठन यांनी तिच्या फळातील मुख्य आम्ल हेच असल्याचे दाखविले. कोकमातही ते भरपूर असते. खाल्लेल्या पिठा-साखरेची चरबी बनविण्यासाठी शरीराला एक एन्झाइम लागते, त्यालाच हे आम्ल अडविते. उंदरांवर प्रयोग झाले, ते कमी खाऊ लागले, त्यांचे वजनही कमी वाढले. एवढ्यावर बाजार उठला!

माणसांची गोष्ट वेगळी निघाली. १९९८ साली अमेरिकेत १३५ लठ्ठ स्त्री-पुरुषांवर बारा आठवडे चाचणी झाली. आहार सर्वांना बेताचाच होता. अर्ध्यांना रोज दीड ग्रॅम हे आम्ल दिले, बाकीच्यांना नुसती पोकळ गोळी. आम्लवाल्यांचे वजन सरासरी ३.२ किलोने घटले, पोकळ गोळीवाल्यांचे ४.१ किलोने. पुढे असा अर्क असलेल्या गोळ्या घेणाऱ्या काहींच्या यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आल्या. आमटीतल्या चार आमसुलांना भिण्याचे मात्र कारण नाही.

हे सांगण्याचे कारण लेबल. सरबताच्या बाटलीवर ‘लठ्ठपणा घालवा’ असे छापण्याचा मोह घरगुती उत्पादकांना होतो. १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्यात ज्या व्याधींवर इलाजाची जाहिरात करण्यास मनाई आहे, त्या यादीत लठ्ठपणा आहे. पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. छापखानेवाल्या बंधूंनीही असा मजकूर हाती घेऊ नये, छापलेले लेबलही त्यात जाहिरातच धरले जाते.

साल अर्कासाठी विकायला आमची हरकत नाही. फक्त फळ फोडण्याआधीच मीठ लावलेली हवी की बिनमिठाची, हे विचारून घ्यावे, एकदा लावलेले मीठ निघत नाही. भाव आम्लाच्या टक्क्यावर ठरणार असेल तर नमुना कोण तपासणार आणि माल परत आला तर भाडे कोणाच्या माथी, हे आधी कागदावर यावे. सगळा माल मात्र त्याच दारात ओतू नये. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. आपले आमसूल आणि आगळ त्या नावावर विकता येते का, याची चौकशी पाऊस लागण्यापूर्वी करावी.