मोटारीची पारख

मोटारींच्या जाहिरातींत एक दृश्य हटकून आढळते. उंच, रुंद, झळझळीत गाडी भरधाव ओढ्यात शिरते, दोन्ही बाजूंस पाण्याचे पंख उभे राहतात आणि क्षणार्धात ती पैलतीरास लागते. आमच्या शहरांतील सुशिक्षित मोटारशौकिनांच्या मनावर या दृश्याचा मोठा पगडा बसला आहे. या शौकास आम्ही नावे ठेवू इच्छीत नाही. यंत्राची आवड ही निरोगी आवड आहे, आणि इंजिनाची नस ओळखणारा मनुष्य केवळ पैशाच्या जोरावर मिरविणाऱ्यापेक्षा केव्हाही बरा. तथापि ज्या अरण्याच्या नावावर या गाड्या खपविल्या जातात ते अरण्य चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत प्रत्यक्ष उभे आहे, आणि तेथे गाडीची परीक्षा अगदी निराळ्या कसोट्यांवर होते.

प्रथम पाण्याचेच पाहू. पर्लकोटा, पामुलगौतमी आणि इंद्रावती यांच्या संगमावर वसलेल्या भामरागडचा जगाशी असलेला संबंध पर्लकोटेच्या पुराने तुटतो, हे तेथील लोकांनी वर्षानुवर्षे अनुभवले आहे. अशा पाण्यात दोन टनांची गाडी आपल्या वजनाने टिकून राहील, अशी अनेकांची समजूत असते. आर्किमिडीजचा सिद्धांत शिकलेला शाळकरी मुलगाही तिचे खंडन करील. बंद पेटीसारखी मोटार जेवढे पाणी बाजूस सारते तेवढ्याच्या वजनाइतकी ती हलकी होते. म्हणून दोन फूट वाहते पाणी बहुतेक मोटारींना, मग त्या कितीही धिप्पाड असोत, उचलून नेऊ शकते. पाण्यातून गाडी काढावयाची ती मुंगीच्या चालीने, आणि पाणी वाढले असेल तर काढावयाचीच नाही, हे आलापल्ली-भामरागड मार्गावरील कोणताही जुना चालक सांगेल.

वजनाचा आणि अरण्यातील उपयुक्ततेचा संबंध उलटा आहे, हे मारुतीच्या जिप्सीने सिद्ध केले. 1985 च्या अखेरीस ही गाडी आली, तेव्हा तिचे इंजिन पुरते एक लिटरचेही नव्हते. पुढे ते 1.3 लिटरचे झाले, तरी गाडीचे वजन एक टनाच्या आतबाहेरच राहिले. दोन्ही आस ताठ, चारही बाजूंस पाट्यांच्या स्प्रिंगा, अंग अरुंद, आणि गरज पडताच चारही चाकांना जोर देणारा एक साधा दांडा. मागील बाकावर बसणाऱ्याच्या पाठीचे जे हाल होत त्यांविषयी न बोलणेच बरे! परंतु ती चिखलात रुतली तर चार माणसे तिला ढकलून बाहेर काढीत, आणि मोडली तर गावातील मिस्त्री पाना-हातोडीने तिला चालती करी. ताडोब्याच्या रस्त्यांवर पर्यटकांच्या दोन पिढ्यांना वाघ दाखविला तो मुख्यतः याच गाडीने. सुरक्षेचे नियम कडक झाले आणि 2019 च्या सुमारास सामान्य ग्राहकांसाठी तिची विक्री थांबली. नियम योग्यच होते. जिप्सीत बसणारास अपघाताच्या वेळी फारसे संरक्षण नव्हते. परंतु तिची जागा घेण्यास आलेल्या अनेक गाड्या दीड टनावर गेल्या आणि त्यांचे पोट विजेच्या उपकरणांनी भरले. संवेदक बिघडला की शंभर किलोमीटरवरील कार्यशाळेची वाट धरावयाची, ही प्रगती दुर्गम भागास कितपत परवडेल?

दुर्गम भाग म्हणजे काय, हे 1 जानेवारी 2025 रोजी साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. त्या दिवशी अहेरीहून गर्देवाड्यास एस.टी. सुरू झाली, स्वातंत्र्यानंतर प्रथमच. पुणे-अहमदनगर मार्गावर एस.टी.ची पहिली गाडी 1 जून 1948 रोजी धावली होती. मधली शहात्तर वर्षे त्या गावांच्या वाट्यास जे आले ते पायी चालणे, आणि कोठे सोय झालीच तर काळी-पिवळी जीप. मोटारींच्या गुणदोषांची चर्चा करताना अश्वशक्तीचे आकडे तोंडपाठ म्हणणाऱ्यांनी या लाल गाडीचाही विचार करावा. ती धिमी आहे, खडखडते, पण ती बाळंतिणीला आणि परीक्षार्थी मुलाला घेऊन जाते.

आता वेगाचे. चंद्रपूर-मूल रस्ता वाघांच्या वावराच्या अरण्यातून जातो. चाळीसच्या वेगाने जाणारा चालक धोका दिसल्यापासून सुमारे वीस मीटरांत थांबतो. ऐंशीच्या वेगाने त्यास पन्नास-साठ मीटर लागतात, कारण ब्रेक लावल्यावर गाडीने काटलेले अंतर वेगाच्या वर्गाने वाढते. रात्री खाली झुकविलेल्या दिव्याचा प्रकाश साधारण तेवढ्याच अंतरापर्यंत पोहोचतो. म्हणजे ऐंशीने जाणाऱ्याला वाघ, रानडुक्कर किंवा सायकलवरचा मजूर दिसतो तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. गाडीचे ब्रेक कितीही उत्तम असोत, मनुष्याच्या डोळ्याला आणि पायाला लागणारा एक सेकंद कोणताही कारखाना विकत नाही.

आणि वाहन थांबले तरी सभ्यता आपोआप येत नाही. 2024 च्या अखेरच्या दिवशी उमरेड-पवनी-करांडला अभयारण्यात पर्यटकांच्या गाड्यांनी एका वाघिणीची आणि तिच्या पाच बछड्यांची वाट दोन्ही बाजूंनी अडविली. पुढे उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. त्या गाड्या शर्यतीच्या नव्हत्या; चालक परवानाधारक होते, प्रवासी चांगले शिकलेले असावेत. छायाचित्राची हाव मात्र सर्वांस सारखी होती.

रस्ता बांधणाऱ्यांनी मनावर घेतले तर काय होते, हे शेजारीच पेंचच्या महामार्गावर दिसते. तेथे राष्ट्रीय महामार्ग 44 खाली प्राण्यांसाठी भुयारी वाटा काढल्या. त्यांतील सर्वांत लांब 750 मीटरांची आहे, आणि वाघ त्या वापरतात हे छायाचित्रांनी सिद्ध झाले आहे. ताडोब्याच्या कडेने जाणाऱ्या रस्त्यांवर जेथे जेथे अशी सोय नाही तेथे ती व्हावयास हवी; ती होईपर्यंत रात्रीच्या वेगावर खरी मर्यादा घालून तिची तपासणी यंत्राने व्हावी, आणि गडचिरोलीच्या आरोग्य केंद्रांना हलकी, चारही चाकांना जोर असलेली, स्थानिक मिस्त्रीस दुरुस्त करता येईल अशी रुग्णवाहिका मिळावी. ही मागणी मोटार उत्पादकांकडेही आहे आणि सरकारकडेही.