भूमच्या आभाळातला उतार

महाराष्ट्राचा नकाशा उघडा आणि पट्टी घ्या. छत्रपती संभाजीनगरचा चिकलठाणा विमानतळ आणि सोलापूरचा होटगी रोडवरचा विमानतळ सरळ रेघेने जोडा. रेघ कुठून गेली? धाराशिव जिल्ह्यातल्या भूमच्या पूर्वेला, जेमतेम सात-आठ किलोमीटरवरून!

रस्त्याने जायचं तर बीड, येरमाळा, धाराशिव, तुळजापूर करत सुमारे ३०० किलोमीटर होतात. आणि आभाळातून? ते आपणच काढू. संभाजीनगरचा विमानतळ १९.८६ अंश अक्षांशावर, सोलापूरचा १७.६३ वर. फरक २.२३. एक अक्षांश म्हणजे १११ किलोमीटर, म्हणून दक्षिणेकडे साधारण २४८ किलोमीटर. रेखांशांचा फरक ०.५४. आपल्या भागात एक रेखांश साधारण १०५ किलोमीटरचा, म्हणजे पूर्वेकडे ५७. झाला काटकोन त्रिकोण! पायथागोरसला हाक मारा, कर्ण येतो २५४ किलोमीटर.

आता वेळ. सोलापूरहून गोव्याला जून २०२५ मध्ये सुरू झालेल्या सेवेत एटीआर ७२ जातीचं, दोन पंख्यांचं विमान आहे. तेच आपल्या रेघेवर सोडू. त्याचा वेग ताशी ५०० किलोमीटर धरला, तर अर्ध्या तासात सोलापूर यायला हवं. पण तसं होत नाही, लागतील जवळपास पन्नास मिनिटं. का बरं?

कारण विमान नुसतं पुढे जात नाही, त्याला वर चढायचं आणि खाली उतरायचंही असतं. चढताना वेग कमी. साडेपाच किलोमीटर उंची गाठायला पंधराएक मिनिटं जातात, तोवर गेवराईचा परिसर येतो. खरी गंमत उतरण्यात आहे. प्रवाशांना त्रास होऊ नये म्हणून विमान साधारण तीन अंशांच्या उतारानं खाली येतं. हा उतार किती हलका असतो? एक मीटरची पट्टी टेबलावर ठेवा आणि तिचं एक टोक फक्त पाच सेंटिमीटर उचला. बस्स, एवढाच! या उतारानं एक किलोमीटर खाली यायला १९ किलोमीटर पुढे जावं लागतं. सोलापूरची जमीन समुद्रसपाटीपासून जवळपास अर्धा किलोमीटर उंच, म्हणजे उतरायचं पाच किलोमीटर. पाच गुणिले एकोणीस, पंच्याण्णव. सोलापूरपासून मागे ९५ किलोमीटर मोजा बरं. आलं की नाही भूम!

म्हणजे भूमकरांनो, असं विमान खरंच निघालं, तर सोलापूरला उतरायची सुरुवात जवळजवळ तुमच्या डोक्यावर होईल. सपाट उडणं अवघं दहा मिनिटांचं. बाकीचा वेळ चढण्यात, उतरण्यात आणि धावपट्टीवर. वारा उलटा असला तर धावपट्टीला वळसा घालून यावं लागेल, ती मिनिटं वेगळी.

धाराशिव आणि लातूरचे विमानतळ तर एकमेकांपासून ४५ किलोमीटरवरच. तिथे विमान पुरतं वर जाण्याआधीच उतरायला लागेल! स्कॉटलंडमध्ये वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या बेटांमधलं विमान तर पावणेतीन किलोमीटरच उडतं. वेळापत्रकात त्याला दोन मिनिटं दिली आहेत, आणि एकदा ते ५३ सेकंदांतच पोहोचलं होतं.

आता तुमची पाळी. पुणे विमानतळ १८.५८ अक्षांश, ७३.९२ रेखांश. लातूर १८.४१ आणि ७६.४६. उत्तर २६७ च्या आसपास आलं, तर तुमचा त्रिकोण बरोबर. मग विमान कुठे उतरायला लागेल, तेही नकाशावर शोधा.