मनाचे दुखणे आणि यंत्राचे धडे

शरीराला दुखणे होते, तसे मनालाही होते. कशात जीव रमत नाही. झोप येत नाही. कामाला हात उचलत नाही. लोक म्हणतात, "सोंग करतोय!" पण ते सोंग नव्हे. तो आजार आहे. डॉक्टर त्याला नैराश्य म्हणतात. त्यावर उपचार आहेत.

औषधे आहेत, तसा बोलून करायचा उपचारही आहे. समजा, शेजारीण वाटेत भेटली आणि न बोलता पुढे गेली. आजारी मन म्हणते, "मी कुणालाच नकोशी झाले." मग ती बाई घराबाहेर पडेनाशी होते. एकटेपणाने दुःख आणखी वाढते. अशा वेळी जाणकार विचारतो, "शेजारीण घाईत नसेल कशावरून? परवा ती बोलली होती ना?" असा आपलाच विचार तपासून पाहायला माणूस शिकतो. रोज थोडे काम ठरवून करतो. हळूहळू मन सावरते.

पण असे जाणकार सगळीकडेच थोडे. म्हणून इंग्लंडात हा उपचार संगणकावर आणला. त्याचे नाव 'बीटिंग द ब्लूज'. त्यात आठ धडे. यंत्र प्रश्न विचारी, घरचा अभ्यास देई. २००६ साली तिथल्या सरकारी संस्थेने सौम्य व मध्यम नैराश्यासाठी त्याची शिफारस केली. ऑस्ट्रेलियात 'मूडजिम' नावाचे असेच धडे निघाले.

याचा फायदा उघड आहे. यंत्र थकत नाही. मध्यरात्रीही ते हजर असते. त्याच्यापुढे लाज वाटत नाही.

मग माणसाची गरज संपली का? नाही. इंग्लंडात ६९१ रोग्यांवर याची परीक्षा झाली. सर्वांना डॉक्टरांचे नेहमीचे उपचार चालूच होते. काहींना जोडीला यंत्राचे धडे दिले. निकाल २०१५ साली छापून आला. चार महिन्यांनी पाहिले, तर धडेवाल्यांना जास्त गुण आलेला नव्हता. पुष्कळांनी एकदोन धड्यांतच सोडून दिले होते. ज्याला अंथरुणातून उठणे जड, तो एकटा धडे कसे गिरवणार? पुढे दुसरी परीक्षा झाली. तीत माणसाने फोन करून विचारपूस केली, धीर दिला. तेव्हा गुण जास्त आला.

तुम्ही अक्षरे कशी शिकलात, ते आठवा. नुसती पाटी हाती देऊन भागले नाही. कुणीतरी शेजारी बसले, तेव्हा हात वळला. यंत्र ही पाटी आहे.

आणखी एक सांगतो. कर्जाचा बोजा, घरातली मारहाण यंत्र मिटवू शकत नाही. कुणी म्हणाले, "आता जगावंसं वाटत नाही," तर त्याला यंत्रापुढे बसवू नका. एकटे सोडू नका. विष, दोर दूर ठेवा. लगेच दवाखान्यात न्या. सरकारची टेलि-मानस सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा नंबर फिरवा. पैसे पडत नाहीत. दिवसरात्र केव्हाही फोन करा. मराठीत बोलता येते.

हा नंबर घरातल्या भिंतीवर लिहून ठेवा. आता तुम्हाला लिहिता येते.