पापणीवरचे टाके

पापण्या नीट करून घेणे ही सिनेनटींची चैन, असा आपला समज. आमच्या मुरबाडच्या मावशीला मात्र नटायचे नव्हते. तिला तांदूळ निवडायचे होते! साठीनंतर वरच्या पापण्यांची कातडी इतकी ओघळली, की खडा दिसायला तिला मान वर करावी लागे. शेवटी मुंबईत शस्त्रक्रिया झाली आणि शुश्रूषेला मी शहापूरहून गेले.

ही विद्या काही परकी नव्हे. पापणीच्या विकारावर जवाएवढी कातडी काढून केसाने टाके घालण्याची रीत सुश्रुताने सांगितली आहे. पुण्याकडे कापलेले नाक नवे कसे करतात, याची सचित्र हकीगत १७९४ साली लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने छापली. टाके वैद्य घालतो. जखम सांभाळायची ती घरच्यांनी.

पापणीची कातडी सबंध शरीरात सर्वांत पातळ. रक्तपुरवठा भरपूर, म्हणून जखम लवकर भरते. पण रक्तही तितक्याच सहज वाहते. ते डोळ्यामागे साठले तर काही तासांत दृष्टी कायमची जाऊ शकते. म्हणूनच डॉक्टरांनी पहिले दोन दिवस मावशीला मुंबईतच राहायला लावले. अकस्मात ठणका, डोळा पुढे येणे, नजर अंधुक होणे, यांतले काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नये!

मुरबाडला खरी परीक्षा सुरू झाली. दिवस फाल्गुनाचे, शिवारात राब भाजल्याचा धूर. खिडक्या लावल्या, उशाला दोन उशा दिल्या, केरसुणी अन् हंडा काढून घेतला. वाकल्याने अन् जड उचलल्याने रक्ताचा जोर वाढतो. शेजारच्या काकू मध-हळद घेऊन आल्या, त्यांना चहा पाजून परत पाठवले. जखमेला फक्त डॉक्टरांनी दिलेले मलम, तेही हात धुऊन.

भांडण झाले ते मिश्रीवरून.

“अगं, तिच्यावाचून पोट साफ होत नाही माझं!”

“मावशी, तंबाखूनं रक्तवाहिन्या आकसतात, जखम भरत नाही. पोटाचं औषध डॉक्टरांना विचारू.”

डबी फडताळात गेली. सहाव्या दिवशी टाके निघाले, जखम कोरडी, स्वच्छ!

मधुमेह किंवा रक्त पातळ करणारी गोळी असेल तर आधीच सांगावे. गोळी मनाने बंद करू नये. आणि दिवाळीच्या तोंडावर शस्त्रक्रिया झालीच, तर डॉक्टर ‘हो’ म्हणेपर्यंत उटणे, काजळ आणि फटाक्यांचा धूर वर्ज्य. चकल्या काय, पुढच्या वर्षीही तळता येतात!