अंधेरीच्या फलाटावरचा सहकार



गेल्या आषाढात आम्ही चार दिवस मुंबईला गेलो होतो. आमच्या मेहुण्यांच्या डोळ्याचे ऑपरेशन होते. ते अंधेरीला राहतात. हंगाम नव्हता, लागणीची धांदल पुढे होती, म्हणून जाणे जमले. जाताना मनात होते की मुंबईत आपल्याला काय शिकायचे? तिथे ना ऊस, ना माती. परंतु येताना एक गोष्ट पदरात घेऊन आलो. तीच आज आपल्यापुढे मांडायची आहे.

सकाळी दहाच्या सुमारास आम्ही अंधेरी स्टेशनवर उभे होतो. पांढरी टोपी घातलेली दहा-बारा माणसे सायकलींवरून आणि हातगाडीवरून आली. जेवणाचे डबे खाली उतरले. कोणी ओरडत नाही, कोणी कागद बघत नाही. प्रत्येकाने आपापल्या ठिकाणचे डबे वेचले, लांब लाकडी फळीत लावले आणि ती फळी डोक्यावर घेतली. पंधरा-वीस मिनिटांत जागा मोकळी. आमच्या वजनकाट्यावर एका ट्रॉलीसाठी याहून जास्त वेळ वाद चालतो, हे कबूल केले पाहिजे.

त्यातल्या एका पन्नाशीच्या गृहस्थाला आम्ही गाव विचारले. खेड तालुका म्हणाले. आम्ही म्हटले, "मामा, पाऊस कसा आहे तिकडं?" ते हसले. "पाऊस हाय, पण साहेब, गाडी सुटंल. बोलायचं असंल तर सांजच्याला पाचला इथंच या." आणि गेले सुद्धा.

आम्ही पाचला गेलो. ते आलेले होते.

आता या धंद्याची थोडी माहिती. मुंबईत डबे पोचवण्याचे हे काम १८९० च्या सुमारास महादेव हावजी बच्चे यांनी शंभरेक माणसे घेऊन उभे केले, असे सांगतात. ही मंडळी बहुतेक आपल्यासारखीच शेतकरी, म्हणजे खेड, मावळ, जुन्नर, आंबेगाव या भागातली. जिरायत जमीन, भाऊ चार, पोट भरेना, म्हणून मुंबई गाठलेली. १९५६ साली त्यांचा ट्रस्ट झाला आणि १९६८ साली संघटनेची नोंदणी झाली. अंधेरी, बोरिवलीचे डबे पश्चिम रेल्वेने चर्चगेटकडे जातात. मुलुंड, घाटकोपरचे मध्य रेल्वेने जातात. एक डबा वाटेत तीन-चार हात बदलतो. डब्याच्या झाकणावर रंगाने अक्षरे आणि आकडे काढलेले असतात. डबा कोणत्या उपनगरातून निघाला, कोणत्या भागात जायचा, कोणती इमारत, कितवा मजला, एवढे सगळे त्यात येते. पत्ता नाही, नाव नाही. शाळा अर्धवट सोडलेल्या माणसालाही वाचता येईल अशी ती खूण.

या कामाचा अभ्यास अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाच्या व्यवसाय शाळेने २०१० साली केला. त्या सुमारास पाचेक हजार माणसे रोज एक लाख तीस हजारांहून जास्त डबे पोचवीत होती. २००३ साली ब्रिटनचे तेव्हाचे युवराज चार्ल्स त्यांना चर्चगेटला भेटायला आले, तर ती भेटही डब्यांची वेळ सांभाळून ठरवावी लागली. पाहुणा मोठा खरा, पण कुणाचे जेवण थांबता कामा नये.

आता महत्त्वाचा मुद्दा. इथे कोणी नोकर नाही आणि कोणी मालक नाही. नवा माणूस आला की सहा महिने उमेदवारी करतो. टिकला तर महिन्याच्या अपेक्षित कमाईच्या सुमारे दहापट रक्कम भरून तो भागीदार होतो. गट आपापला हिशेब ठेवतो आणि गटाचा मुकादम जुन्यांपैकीच असतो. टोपी नाही, दंड. कामावर दारू, दंड. तीच चूक पुन्हा पुन्हा केली तर घरी. सभासद बंधूंनो, आपणही शेअर्स घेतले आहेत. पण शेअर म्हणजे काय, याचा विचार आपण वार्षिक सभेच्या दिवशीच करतो. हे लोक रोज सकाळी करतात.

मामांनी स्वतःची जी हकीकत सांगितली ती अशी.

ते अठराव्या वर्षी मुंबईला आले. दहावी नापास. चुलत्याच्या ओळखीने गटात घेतले. पहिल्या चार महिन्यांत ढंग चांगले नव्हते, हे त्यांनीच सांगितले. रात्री जागायचे, कधी घ्यायचे, सकाळी डोळा उघडायचा नाही. एके दिवशी विलेपार्ल्याचे तीन डबे उचलायला उशीर झाला आणि ठरलेली गाडी गेली. डबे पोचले तेव्हा दोन वाजून गेले होते. मुकादमाने दंड केला, ते ठीकच. पण दुसऱ्या दिवशी मुकादम त्यांना घेऊन फोर्टातल्या एका ऑफिसात गेला. तिथले एक वयस्कर कारकून साखरेच्या आजाराचे होते. त्यांनी आदल्या दिवशी वेळेवर सुई टोचून घेतली आणि डब्याची वाट बघत बसले. डबा आला नाही. घेरी येऊन खाली पडले. शेजारच्याने चहात साखर घालून पाजली म्हणून निभावले.

"ते रागावतील म्हणून मी मान खाली घालून हुभा," मामा सांगत होते. "त्यांनी एवढंच इचारलं, बाबा, तू जेवला होतास का काल? मी जेवलो व्हतो, साहेब. दीडलाच जेवलो व्हतो."

त्या दिवसापासून पहाटे पाचला उठणे सुरू झाले ते आजतागायत. सहा महिने पुरे झाल्यावर वडिलांनी म्हैस विकली, मामांनी उसनवारी केली आणि गटात भाग घेतला. दारू सुटायला आणखी वर्ष लागले. "एकदम सुटत नाही, साहेब. खोटं कशाला सांगू? पण सकाळची गाडी लई मोठा गुरू हाय. ती थांबत न्हाई." पुढे लग्न झाले, जोगेश्वरीला खोली झाली, गावाकडे विहिरीला मोटर बसली.

मग मार्च २०२० आला. टाळेबंदी झाली, लोकल बंद पडल्या, ऑफिसे बंद झाली. सव्वाशे वर्षांहून जुना धंदा एका दिवसात थांबला. मामा गावी गेले. भावाबरोबर कांदा केला, गावोगाव भाजी विकली. १५ ऑगस्ट २०२१ पासून दोन लसी झालेल्यांना लोकल खुली झाली, तेव्हा ते परतले. त्यांच्याकडे पूर्वी अठ्ठावीस डबे होते, ते नऊ उरले. काही ऑफिसे घरूनच चालू होती, काही गिऱ्हाईकांनी दुसरी सोय केली होती. गटातले कित्येक जण परत आलेच नाहीत. डबेवाल्यांची पूर्वीची संख्या आजही भरून निघालेली नाही.

नऊ डब्यांवर घर चालत नाही. तेव्हा मामांच्या बायकोने तोड काढली. इतकी वर्षे दुसऱ्याच्या घरचे जेवण पोचवले, आता आपणच रांधून दिले तर? अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत एकटी राहणारी मुले पुष्कळ. सहा डब्यांनी सुरुवात केली. पहिल्या तीन महिन्यांत तोटा आला, कारण उधारी. मामांना "नाही" म्हणता येईना. मग मामींनी वही घातली. रोजचा भाजीचा, गॅसचा, तेलाचा खर्च लिहायचा आणि महिन्याचे पैसे पाच तारखेच्या आत. एक महिना थकला तर डबा बंद, मग तो भाचा असला तरी. आम्ही गेलो तेव्हा त्यांचे बेचाळीस डबे चालू होते. दोन बायका मदतीला ठेवलेल्या होत्या.

आम्ही विचारले, "यशाचं गुपित काय, मामा?" तर म्हणाले, "गुपित कसलं? पुढचा मानूस वाट बघतोय, एवढं ध्यानात ठेवायचं."

गाडीत परत येताना हे वाक्य डोक्यातून जाईना. त्याचे कारण सांगतो.

मागे एका हंगामात आम्ही एक चूक केली. तोडणीचा प्रोग्रॅम लागलेला होता. एका वजनदार माणसाचा फोन आला आणि आम्ही टोळी पाळी सोडून दुसरीकडे वळवली. ज्यांची पाळी होती त्या दोन एकरवाल्या सभासदाचा ऊस पुढे महिनाभर उभा राहिला. तुरे आले, वजन घटले, सोसायटीचा हप्ता थकला. ते भांडायला आले नाहीत. गट ऑफिसात येऊन फक्त म्हणाले, "साहेब, मग पाळी लावता कशाला?" आम्ही काहीतरी सबब सांगितली. त्या दिवशी आम्हीही दीडलाच जेवलो होतो.

माणूस बदलतो तो भाषणाने नाही. आपल्या कामाच्या दुसऱ्या टोकाला कोण बसले आहे, हे डोळ्यांनी पाहिले की बदलतो. ऊसतोड झाली की उसातली साखर त्याच घटकेपासून घटू लागते, म्हणून चोवीस तासांच्या आत तो गव्हाणीत पडला पाहिजे, हे आम्ही दर हंगामात सांगतो. पण वाढे आणि पाचट तसेच ठेवून मोळी बांधणारा, रस्ता न करता टोळी बोलावणारा, पाळी डावलणारा सभासद आणि ती डावलू देणारा अधिकारी, हे सगळे एकाच डब्याला उशीर करतात. उतारा घटतो तो सर्वांचा. भावही सर्वांचाच घटतो.

आता तरुण मुलांसाठी दोन शब्द. पुष्कळ सभासद आम्हांला म्हणतात, पोराला काहीतरी धंदा सुचवा. ऊस रोपवाटिका हा असा धंदा आहे. पाच फुटी सरीत दोन फुटांवर रोप लावले तर एकरी सुमारे ४,३५० रोपे लागतात. एक डोळ्याच्या कांडीपासून महिना-सव्वा महिन्यात रोप तयार होते. बेणे मात्र नऊ ते अकरा महिन्यांच्या निरोगी बेणे मळ्यातलेच घ्यावे, खोडव्याचे घेऊ नये. सुरुवात दोन-चार एकरांच्या रोपांनीच करावी. प्रत्येक ट्रेवर जात आणि लावल्याची तारीख लिहावी, जशी डब्याच्या झाकणावर खूण असते तशी. को. ८६०३२ म्हणून दुसरीच जात गेली, तर ती चूक गिऱ्हाइकाला वर्षभर दिसते आणि तो पुन्हा येत नाही. रोप द्यायची तारीख सांगितली की ती पाळावी, कारण तिकडे सरी भिजवून माणूस वाट बघत असतो. आणि वही ठेवावी. घरच्यांना उधार दिले तरी लिहावे. शक्य तर ही वही घरच्या लक्ष्मीकडे द्यावी, असा आमचा अनुभवाचा सल्ला आहे.

येत्या हंगामात तोडणीचा प्रोग्रॅम प्रत्येक गट ऑफिसच्या भिंतीवर लागेल. त्यात लागणीची तारीख, जात आणि पाळीचा नंबर असेल. तो आम्ही मोडणार नाही. मोडला तर सभासदांनी खुशाल येऊन जाब विचारावा. बदल्यात आपण एवढेच करावे की फडाचा रस्ता आधी करावा, ऊस स्वच्छ द्यावा आणि दुसऱ्याच्या पाळीवर नजर ठेवू नये.

त्या दोन एकरवाल्या सभासदांकडे मुंबईहून आल्यावर आम्ही जाऊन आलो. झाले ते सांगितले, माफी मागितली. त्यांनी चहा केला. म्हणाले, "साहेब, यंदा आमचा नंबर कितवा?" आम्ही वही उघडून दाखवला.

आपला,
ऊस विकास अधिकारी