डिझेल पिकअपची घरची जुळवणी

ट्यूनअप हा शब्द वाद्यांच्या जगातून वाहनांच्या जगात आलेला आहे. उतरलेली तार जशी पुन्हा स्वरावर आणतात, तसे वापराने ढळलेले इंजिन उत्पादकाने ठरवून दिलेल्या मापांवर परत आणणे, हा त्याचा अर्थ होय. त्यामुळे मोडलेला भाग बदलण्याच्या दुरुस्तीहून आणि ठरावीक किलोमीटरनंतर ऑइल बदलण्याच्या सर्व्हिसिंगहून हे काम वेगळे ठरते. पेट्रोल इंजिनांच्या जुन्या काळात त्याचा आवाका आखलेला होता. ठिणगी पाडणाऱ्या प्लगच्या टोकांमधले अंतर, ठिणगीचा क्षण ठरवणाऱ्या पॉइंटची उघडझाप आणि हवा व पेट्रोल मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरचे स्क्रू एवढे जुळवले की गाडी लागली, असे मानले जाई. महाराष्ट्रात मात्र पिकअप म्हणजे बहुतांशी डिझेल गाडी. १९८०च्या दशकात महिंद्रच्या जीपगाड्यांसाठी पूजो या फ्रेंच कंपनीच्या परवान्याने इगतपुरीत डिझेल इंजिने बनू लागली, १९८८मध्ये टाटांची टाटामोबाइल ही पिकअप आली, आणि पुढे नारायणगावचा टोमॅटो, लासलगावचा कांदा आणि गावोगावचे दूध वाहणाऱ्या गाड्यांत डिझेलच रुळले.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमध्ये घेतलेली हवा १६ ते २२ पट दाबली जाते, त्या दाबाने तिचे तापमान ५०० अंश सेल्सियसच्या वर जाते, आणि अशा तापलेल्या हवेत नोझलमधून डिझेलचा बारीक फवारा सोडला की तो आपोआप पेटतो. त्यामुळे येथे जुळवायच्या गोष्टी वेगळ्या असतात: हवा भरपूर व स्वच्छ मिळाली पाहिजे, डिझेल पाणी व हवेवाचून पोचले पाहिजे, फवारा नेमक्या क्षणी उडाला पाहिजे, आणि हवा दाबली जात असताना व्हॉल्व्ह, म्हणजे सिलिंडरची दारे, घट्ट मिटलेली राहिली पाहिजेत.

यांतली प्रत्येक गोष्ट हळूहळू ढळते, आणि हीच या विषयातली सर्वांत महत्त्वाची बाब आहे. मराठी गॅरेजांत ‘पिकअप’ हा शब्द जितका गाडीसाठी तितकाच इंजिनाच्या ओढीसाठीही चालतो. पण ‘गाडीचा पिकअप पडला’ ही तक्रार घेऊन मालक मिस्त्रीकडे येतो, तोवर तो महिनोन्‌महिने थोडा थोडा पडत आलेला असतो. रोज तीच गाडी चालवणाऱ्याचा पाय नकळत ॲक्सिलरेटर थोडा अधिक दाबू लागतो आणि उणीव झाकली जाते. ती उघडी पाडण्याचे खात्रीचे साधन म्हणजे साधी वही. टाकी काठोकाठ भरून किलोमीटर लिहावेत, पुढच्या वेळी पुन्हा काठोकाठ भरून किती लिटर डिझेल लागले ते लिहावे, आणि मधल्या अंतराला त्या लिटरने भागावे. महिन्याला ३,००० किलोमीटर धावणाऱ्या गाडीचे ॲव्हरेज १४ वरून १२.५ किलोमीटरवर आले, तर महिन्याकाठी सुमारे २६ लिटर डिझेल जास्त जळते, आणि एवढी गळती कोणत्याही पाइपाखाली थेंबांनी दिसत नाही. गॅरेजमध्ये गाडी वर्षातून चार-दोन वेळा जाते, तर मालक ती रोज पाहतो. म्हणून मापे टिपणे, सफाई करणे आणि तपासणे ही कामे त्यानेच करावीत, यात काटकसरीहून मोठा लाभ आहे.

कामाचा आरंभ हवेपासून करणे योग्य. अडीच लिटर क्षमतेचे चार-स्ट्रोक इंजिन दर दोन फेऱ्यांत एकदा आपल्या क्षमतेइतकी हवा ओढते, म्हणजे मिनिटाला २,००० फेऱ्यांवर सुमारे २,५०० लिटर. आणि टर्बोचार्जर, म्हणजे निकास वायूच्या झोतावर फिरून हवा दाबून भरणारा पंखा असेल, तर त्याहूनही अधिक. ऊसतोडीच्या हंगामात शेतरस्त्याच्या फुफाट्यातून गाडी चालते तेव्हा या हवेबरोबर जाणारी माती अडवण्याचे सारे काम घडीच्या कागदाचा एक फिल्टर करीत असतो. तो चोंदला की हवा कमी पडते, डिझेल पुरते जळत नाही आणि सायलेन्सरमधून काळा धूर निघतो. फिल्टर जमिनीवर किंवा बंपरवर आपटून झाडण्याची सवय सर्रास दिसते, परंतु त्याने कागदाच्या घड्या फाटतात आणि फाटका फिल्टर चोंदलेल्या फिल्टरहून अधिक घातक असतो, कारण चोंदलेला केवळ ओढ कमी करतो, तर फाटक्यातून आत गेलेली धूळ सिलिंडर व पिस्टनच्या रिंगा घासून टाकते. उत्पादकाने साफसफाईला मुभा दिली असेल तर कमी दाबाची हवा आतून बाहेर मारावी, मग फिल्टरच्या आत दिवा धरून अंधारात पाहावे. कोठेही प्रकाशाचा ठिपका चमकला की तो फिल्टर बाद. फिल्टरच्या पुढच्या नळीत बोट फिरवून पाहणेही तितकेच आवश्यक आहे. बोटाला बारीक माती लागली, तर फिल्टर कितीही नवा असला तरी त्याच्या कडेच्या रबरातून किंवा सैल पट्ट्यातून धूळ शिरत आहे, हे निश्चित समजावे.

इंधनाच्या बाजूला खरा शत्रू पाणी. पिंपातून भरलेले डिझेल आणि अर्ध्या रिकाम्या टाकीत रात्री साचणारे दव यांमुळे ते शिरते, आणि डिझेलहून जड असल्याने तळाशी बसते. डिझेल फिल्टरच्या खाली यासाठीच एक छोटी चावी असते. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, इंजिन चालू करण्यापूर्वी ती काचेच्या बाटलीवर सैल करावी, पाण्याचा थर संपून स्वच्छ डिझेल दिसले की घट्ट करावी. फिल्टर बदलल्यानंतर नळीत हवा अडकते, तिला बोलीत ‘एअर धरणे’ म्हणतात, आणि ती निघेपर्यंत इंजिन सेल्फ मारूनही धरत नाही. जुन्या पंपांच्या गाड्यांत फिल्टरजवळचा हातपंप दाबत राहून, फिल्टरवरचा स्क्रू किंचित सैल करून, बुडबुडे थांबेपर्यंत ही एअर काढता येते.

घरच्या कामाची हद्द मात्र येथेच आखली पाहिजे. आजच्या कॉमन रेल इंजिनांत, म्हणजे एका सामाईक नळीत डिझेल प्रचंड दाबाने साठवून तेथून प्रत्येक नोझलला देणाऱ्या रचनेत, तो दाब १,६०० बारपर्यंत जातो. हा दाब पिकअपच्या टायरमधल्या हवेच्या सुमारे ४०० पट भरतो. चालू इंजिनावर अशी नळी सैल केली, तर डोळ्यांना जेमतेम दिसणारी धार कातडी भेदून डिझेल शरीरात घुसवते, आणि बाहेरून टोचल्यासारखी वाटणारी ही जखम तातडीच्या शस्त्रक्रियेखेरीज हात वाचू देत नाही. पंप आणि नोझल यांचे काम म्हणूनच पंपाच्या दुकानातल्या तपासणी-यंत्रावरच व्हावे. त्याच संदर्भात, ओढ वाढावी म्हणून पंपातून डिझेल वाढवून घेण्याच्या प्रथेला ट्यूनअप म्हणता येत नाही. जादा डिझेलला जादा हवा मिळत नाही, काळा धूर वाढतो, निकास वायू अधिक तापतात, आणि पिस्टन व टर्बो यांचे आयुष्य त्या वाढीव ओढीच्या बदल्यात खर्ची पडते.

मालकाच्या हाताला शोभणारे आणि अजूनही पुष्कळ गाड्यांत करावे लागणारे नाजूक काम म्हणजे टॅपेट सेटिंग. व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, ज्याला रॉकर म्हणतात, आणि व्हॉल्व्हचे टोक यांच्यामध्ये थंड इंजिनात थोडी फट ठेवलेली असते, कारण धातू तापला की लांबतो. ही फट इंजिनागणिक बदलते व गाडीच्या पुस्तिकेत दिलेली असते. मिलिमीटरच्या पाव भागाच्या आसपासची, म्हणजे साधारण पोस्टकार्डाच्या जाडीएवढी ती असते. ज्या इंजिनांत ऑइलच्या दाबावर चालणारी स्वयंचलित रचना आहे, त्यांत हे काम नसतेच.

चार सिलिंडरांच्या इंजिनात जळण्याचा क्रम सामान्यतः १-३-४-२ असा असतो आणि जोड्या १ व ४ आणि २ व ३ अशा पडतात. गाडी सपाट जागी, चाकांमागे दगड लावून, न्यूट्रलमध्ये उभी करावी, किल्ली काढून खिशात ठेवावी, आणि पुढच्या पुलीच्या बोल्टवर पाना घालून इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेने सावकाश फिरवावे. चौथ्या सिलिंडरचे दोन्ही रॉकर एकाच वेळी हलू लागतात, एक वर येत असतो आणि दुसरा खाली जाऊ लागलेला असतो, त्या क्षणी थांबावे. पहिल्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह त्या वेळी पूर्ण मिटलेले असतात. मग फीलर गेज, म्हणजे ठरावीक जाडीच्या पोलादी पात्यांचा जुडगा, घेऊन नेमके पाते त्या फटीत सरकवावे. पाते लोण्यातून सुरी ओढल्यासारखे, हलकी अडवणूक जाणवत सरकले पाहिजे. खडखडत गेले तर फट जास्त, अडकले तर कमी. लॉकनट सैल करून स्क्रू जुळवावा, नट आवळावा आणि पाते पुन्हा घालून पाहावे, कारण नट आवळताना स्क्रू किंचित फिरतो आणि बहुतेक चुका त्याच वेळी होतात. त्यानंतर पुली अर्धा फेरा फिरवली की तिसऱ्याची पाळी येते व दुसऱ्याचे रॉकर पाहावेत, आणखी अर्ध्या फेऱ्यावर चौथ्याची, पहिला पाहून, आणि शेवटी दुसऱ्याची, तिसरा पाहून.

या कामाबद्दल एक गैरसमज रूढ आहे. टॅपेट वाजू लागले की मालक घाबरतो आणि आवाज बंद झाला की निर्धास्त होतो. वस्तुस्थिती बरीचशी उलट आहे. वाजणाऱ्या टॅपेटची फट जास्त असते, व्हॉल्व्ह थोडा कमी उघडतो व ओढ थोडी घटते. पण व्हॉल्व्ह आपल्या बैठकीत झिजून बसत जातो तशी पुष्कळ इंजिनांत फट कमी होत जाते, आवाज नाहीसा होतो, आणि मग व्हॉल्व्ह पुरता न मिटल्याने जळत्या वायूंची झळ त्याच्या कडेवरून निसटून ती कड खाऊन टाकते. मुके झालेले टॅपेट म्हणूनच अधिक चिंतेचे.

विजेच्या बाजूचे काम थोडके आहे. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीत १२.६ व्होल्टच्या आसपास आणि चालू इंजिनावर १४ व्होल्टच्या आसपास माप मिळाले तर चार्जिंग ठीक समजावे. निफाडच्या हिवाळ्यात पहाटे सेल्फ बराच वेळ मारावा लागत असेल, तर सिलिंडर आधीच तापवणारे हीटर प्लग मीटरने तपासावेत. चांगल्या प्लगचा रोध अगदी अल्प, साधारण एक ओहमच्या आत-बाहेर असतो, आणि मीटर काहीच दाखवत नसेल तर तो जळालेला. पट्टे, कूलंट व त्याच्या नळ्या हे केवळ नजरेचे काम. बदललेले काळे ऑइल लाकडाला वाळवीपासून जपण्यासाठी फासण्याची किंवा नाल्यात ओतण्याची रीत सोडून ते पुनर्वापरासाठी जमा करणाऱ्याकडे द्यावे, कारण ते विहिरीच्या पाण्यापर्यंत पोचते.

१ एप्रिल २०२०पासून लागू झालेल्या बीएस-६ निकषांच्या गाड्यांत चित्र पालटले आहे. तेथे संगणक सेन्सरांवरून हवा व डिझेल क्षणोक्षणी मोजतो आणि फिल्टर थोडा चोंदला, नोझल थोडे ढळले, तरी आपल्या परीने सांभाळून घेतो. साहजिकच ढळणे आणखी लपते आणि सांभाळण्याची मर्यादा संपल्यावरच डॅशबोर्डवर दिवा लागतो. काजळी अडवणारा डीपीएफ हा फिल्टर स्वतःला जाळून साफ करतो, पण त्यासाठी इंजिन काही वेळ सलग तापलेले लागते. शेत ते संकलन केंद्र अशा दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्याच करणाऱ्या गाडीत तो भरत जातो, म्हणून अशा गाडीला अधूनमधून मोठ्या रस्त्यावर सलग धाववावे, आणि ऑइलही पुस्तिकेत सांगितलेले कमी राखेचेच घालावे, कारण काजळी जळते पण ऑइलची राख त्या फिल्टरमध्ये कायमची साठते. दिवा लागलेल्या गाडीच्या तारा काढून तो विझवणे हा उपाय नव्हे. स्कॅनर लावून संकेत वाचून घ्यावा आणि तो वहीत उतरवावा.

जुळवणी पुरी झाल्यावर तिची परीक्षा रिकाम्या गाडीवर होत नाही. वाशीच्या बाजारातून जुन्नरकडे माल आणणाऱ्या गाडीला माळशेज घाट आहे, आणि जवळपास प्रत्येक गाडीच्या नेहमीच्या वाटेवर अशी एखादी चढण असतेच. नेहमीएवढाच माल भरून तीच चढण चढावी, मागच्या खेपेला गिअर कोठे उतरवावा लागला होता तेथे या वेळी काय होते ते पाहावे, आणि आरशात धुराचा रंग निरखावा: काळा असेल तर हवा अजून अपुरी आहे किंवा नोझल बिघडले आहे, निळसर असेल तर ऑइल जळत आहे, आणि इंजिन तापल्यावरही पांढरा येत असेल तर डिझेल न जळता बाहेर पडत आहे किंवा कूलंट सिलिंडरमध्ये शिरत आहे. चढणीच्या माथ्यावर थांबताना टर्बोच्या गाडीचे इंजिन मिनिटभर मंद चालू ठेवावे, कारण मिनिटाला लाखाहून अधिक फेऱ्यांनी फिरलेल्या त्या पंख्याला थंडावेपर्यंत ऑइलचा प्रवाह हवा असतो. गिअर, धूर आणि त्या दिवसाचे किलोमीटर वहीत लिहायला तेवढे मिनिट पुरते.