विद्यार्थी-साहाय्य, आपत्कालीन

विद्यापीठीय शिक्षण घेत असताना अकस्मात उद्भवलेल्या आर्थिक अडचणीमुळे विद्यार्थ्याचे शिक्षण खंडित होऊ नये, म्हणून त्यास तातडीने दिली जाणारी रोख वा वस्तुरूप मदत. पालकाचे आजारपण वा मृत्यू, नापिकी, पूर, आग, नोकरी जाणे, स्वतःचा अपघात यांसारखी कारणे अशा अडचणीच्या मुळाशी असतात. अन्न, निवारा, औषधोपचार, प्रवास व अध्ययनाची साधने या मूलभूत गरजांची तरतूदही या संज्ञेत अंतर्भूत होते. शिष्यवृत्ती व शुल्कमाफी यांहून हे साहाय्य भिन्न आहे. शिष्यवृत्ती गुणवत्तेच्या किंवा सामाजिक-आर्थिक पात्रतेच्या आधारे संपूर्ण वर्षाकरिता मंजूर होते. आपत्कालीन साहाय्याची रक्कम लहान असते, ते बहुधा एकदाच दिले जाते आणि त्याचे मोल मुख्यतः ते किती लवकर मिळते यावर ठरते. [⟶ शिष्यवृत्ती].

उच्च शिक्षण सोडावे लागण्याचे कारण म्हणून सामान्यतः शुल्काचा उल्लेख होतो. प्रत्यक्षात शुल्क माफ झालेला विद्यार्थीही खाणावळीचे दोन महिन्यांचे बिल, खोलीची अनामत रक्कम, एस. टी. चा पास किंवा परीक्षेचा अर्ज भरण्याची शेवटची तारीख यांपैकी एखाद्या गोष्टीशी अडतो. रक्कम क्षुल्लक असते. परंतु ती त्या आठवड्यात हाती नसली, तर वर्ष वाया जाते आणि गावी परतलेला विद्यार्थी पुष्कळदा पुन्हा येत नाही.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : महाराष्ट्रात शिक्षणासाठी परगावी राहणाऱ्या निर्धन विद्यार्थ्याच्या पोटाची सोय पूर्वी माधुकरी मागून किंवा वार लावून होत असे. वार लावणे म्हणजे आठवड्याचे सात दिवस सात घरी जेवणे. या प्रथेने अनेकांचे शिक्षण पार पडले, हे खरे. तथापि तिच्या उणिवाही ठळक होत्या. ज्या घरी वार असे, तेथे सुतक आले किंवा मंडळी परगावी गेली, की विद्यार्थ्याला त्या दिवशी उपवास घडे. यजमानांच्या घरची लहानमोठी कामे करणे व उपकाराची जाणीव सतत बाळगणे, हे त्या अन्नाचे न बोललेले मूल्य असे. शिवाय ही सोय प्रायः ब्राह्मण मुलांपुरतीच होती; इतर जातींच्या, विशेषतः अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील विद्यार्थ्यांना ती दारे बंद होती. पुण्यात १९०९ साली स्थापन झालेल्या अनाथ विद्यार्थी गृहाने (सध्याचे पुणे विद्यार्थी गृह) अशा विखुरलेल्या दातृत्वाला संस्थेचे रूप दिले. त्यापूर्वीच कोल्हापूर येथे राजर्षी शाहू छत्रपती यांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगपासून प्रारंभ करून निरनिराळ्या समाजांसाठी वसतिगृहांची मालिका उभारली होती. ज्याला वार मिळणे शक्य नव्हते, त्याच्या अन्न-निवाऱ्याचा प्रश्न त्यांनी हाती घेतला, हे या वसतिगृहांचे खरे महत्त्व होय.

रयत शिक्षण संस्थेचे संस्थापक कर्मवीर भाऊराव पाटील यांनी साताऱ्यास १९२४ मध्ये सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी एकत्र वसतिगृह सुरू केले. वसतिगृहातील धान्य संपले असता त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले दागिने मोडून मुलांच्या जेवणाची व्यवस्था केली. हा प्रसंग त्यागाचे उदाहरण म्हणून नेहमी सांगितला जातो; राखीव निधी नसलेल्या संस्थेला अडचणीचा एक दिवससुद्धा किती जड जातो, हेही त्यातून दिसते. साताऱ्यातील छत्रपती शिवाजी महाविद्यालयात (१९४७) संस्थेने ‘कमवा आणि शिका’ हे तत्त्व महाविद्यालयीन पातळीवर अमलात आणले. पुढे पुणे विद्यापीठानेही कर्मवीरांच्या नावाने अशी योजना चालविली. पुण्यातील विद्यार्थी साहाय्यक समिती (१९५५) ही ग्रामीण विद्यार्थ्यांसाठी अल्प खर्चात निवास-भोजनाची सोय करणारी या परंपरेतील आणखी एक संस्था होय.

साहाय्य वेळेवर मिळण्या-न मिळण्याने विद्वानाच्या आयुष्यालाही कसे वळण लागते, याचे बोलके उदाहरण डॉ. भीमराव आंबेडकर यांच्या चरित्रात आढळते. बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले व तेथून लंडनला आले. परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये लंडनमधील अभ्यास अर्धवट टाकून त्यांना भारतात परतावे लागले. मुंबईच्या सिडनॅम महाविद्यालयात अध्यापन करून केलेली शिल्लक, नवल भथेना या मित्राकडून घेतलेले कर्ज आणि शाहू छत्रपतींचे साहाय्य यांच्या बळावर ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला जाऊ शकले. तेथेही रुपया-पौंड विनिमयदर प्रतिकूल झाल्याने त्यांचा हिशेब कोलमडला आणि १९२१ मध्ये त्यांनी शाहू छत्रपतींना पत्र लिहून २०० पौंडांची उसनवार मागणी केली. अर्थशास्त्राच्या या विद्यार्थ्याच्या संशोधनाचा विषयही रुपयाचा प्रश्न हाच होता. अशा अडचणीत ज्याच्याजवळ मित्र वा आश्रयदाता नसतो, त्याची वाट तेथेच संपते.

यूरोपात संघटित विद्यार्थी-साहाय्याला पहिल्या महायुद्धानंतरच्या दैन्यातून चालना मिळाली. १९२० मध्ये व्हिएन्नातील उपाशी विद्यार्थ्यांसाठी सुरू झालेल्या मदतकार्यातून आंतरराष्ट्रीय विद्यार्थी-साहाय्य चळवळ वाढली. तिचेच रूपांतर पुढे ‘वर्ल्ड युनिव्हर्सिटी सर्व्हिस’ या संघटनेत झाले. जर्मनीत याच सुमारास विद्यार्थ्यांनी स्वावलंबनासाठी स्वस्त भोजनगृहे व कर्जनिधी उभारले. त्यांतून विकसित झालेल्या विद्यार्थिसेवा संस्थांकडे आज तेथील वसतिगृहे, भोजनगृहे व शासकीय साहाय्याचे वाटप सोपविलेले आहे.

स्वरूप व कार्यपद्धती : आपत्कालीन साहाय्य अनुदान, बिनव्याजी अल्पमुदतीचे कर्ज, भोजनाची कुपने, वसतिगृहातील तात्पुरती जागा, शिधा किंवा खाणावळ, रुग्णालय व महाविद्यालय यांना परस्पर केलेला भरणा अशा विविध रूपांत दिले जाते. निधी शासन, विद्यापीठ, माजी विद्यार्थी, न्यास किंवा विद्यार्थ्यांची वर्गणी यांतून उभा राहतो. शिक्षकांच्या खिशातून आणि खाणावळवाल्यांच्या उधारीच्या वहीतून होणारी मदत कोणत्याही अहवालात नोंदली जात नाही. मात्र अनेक गावांत आजही तीच प्रमुख असते.

पात्रता कशी ठरवावी, हा या विषयातील मध्यवर्ती प्रश्न होय. शिष्यवृत्तीसाठी वापरला जाणारा उत्पन्नाचा दाखला मागील वर्षाची स्थिती सांगतो. आपत्ती मात्र चालू महिन्यात आलेली असते. गेल्या हंगामात बरे पिकलेल्या शेतकऱ्याचा मुलगा कागदोपत्री पात्र ठरत नाही, जरी या हंगामात त्याच्या घरी काहीच आलेले नसले तरी. दाखला, प्रतिज्ञापत्र व समितीची बैठक या क्रमाने जाणारा अर्ज निकाली निघेपर्यंत परीक्षा होऊन गेलेली असते. म्हणून अशा निधीत निर्णयाचा अधिकार एका-दोन जबाबदार व्यक्तींना देऊन रकमेवर मर्यादा घालणे व चौकशी नंतर करणे अधिक योग्य ठरते. गैरवापराची भीती अनाठायी नाही. परंतु लहान रकमेच्या पडताळणीचा खर्च व विलंब हीच कित्येकदा त्या गैरवापराहून मोठी हानी असते.

अमेरिकेतील जॉर्जिया राज्य विद्यापीठाने २०११ पासून राबविलेली योजना या दृष्टीने उल्लेखनीय आहे. थोड्या थकबाकीमुळे ज्यांची नोंदणी रद्द होण्याच्या बेतात आहे, असे विद्यार्थी विद्यापीठ स्वतःच आपल्या नोंदींवरून शोधते आणि त्यांच्या खाती लहान अनुदान जमा करते. विद्यार्थ्याने अर्ज करावयाचा नसतो. त्याच देशात मिशिगन राज्य विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी १९९३ मध्ये अन्नपेढी काढली व पुढे अनेक महाविद्यालयांतून अशा पेढ्या निघाल्या. संपन्न देशातील विद्यापीठातही भूक असते, ही गोष्ट त्यामुळे उघडपणे बोलली जाऊ लागली.

प्रतिष्ठेचा प्रश्न वेळेइतकाच महत्त्वाचा आहे. गरजू विद्यार्थ्यांची यादी सूचना-फलकावर लावणे, समारंभात मदतीचे वाटप करून छायाचित्रे काढणे, अशा प्रकारांमुळे ज्यांना खरी निकड असते तेच मागे राहतात. विद्यार्थिनींच्या बाबतीत हे विशेषत्वाने घडते. वार लावण्याच्या प्रथेतील मिंधेपणा या मार्गाने नव्या संस्थांतही शिरतो. ‘कमवा आणि शिका’ योजनेत साहाय्य हा श्रमाचा मोबदला असल्याने हा दोष टळतो. परंतु आजारी किंवा परीक्षेच्या तोंडावर असलेल्या विद्यार्थ्याला ती तत्काळ उपयोगी पडत नाही.

सद्यःस्थिती : भारतात अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी १९४४ मध्ये सुरू झालेल्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीपासून शासकीय साहाय्याचा व्याप वाढत गेला. महाराष्ट्र शासनाने शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ मध्ये ‘स्वाधार’ योजना सुरू केली. तीत भोजन, निवास व निर्वाह यांचा स्वतंत्र विचार करून शहरानुसार वर्षाला ४३,००० ते ६०,००० रुपये बँक-खात्यात देण्याची तरतूद करण्यात आली. अन्न व निवारा हा शिक्षणाच्याच खर्चाचा भाग आहे, ही मान्यता तीत आहे. तथापि या योजना वार्षिक स्वरूपाच्या असून त्यांच्या रकमा विलंबाने मिळत असल्याच्या तक्रारी वारंवार होतात. दुष्काळी भागातील विद्यार्थ्यांना परीक्षा-शुल्कात दिली जाणारी माफी ही गावावरील आपत्तीवर बेतलेली असते. एकाच घरावर कोसळलेली आपत्ती तिच्या कक्षेत येत नाही. ही उणीव भरून काढण्यास विद्यापीठांच्या विद्यार्थिकल्याण निधींना वाव आहे.

कोव्हिड-१९ च्या साथीत (२०२०) हा प्रश्न जगभर एकाच वेळी पुढे आला. वसतिगृहे व खाणावळी बंद झाल्या, अंगमेहनतीची जोडकामे गेली आणि अध्यापन दूरभाषसंचावर आल्याने तो संच हीच मूलभूत गरज बनली. अमेरिकेने मार्च २०२० च्या कायद्यान्वये उच्च शिक्षणासाठी सु. १४ अब्ज डॉलरची तरतूद केली व तीतून संस्थांना मिळणाऱ्या साहाय्याचा किमान निम्मा भाग विद्यार्थ्यांच्या तातडीच्या खर्चासाठी देणे बंधनकारक केले. जर्मनीत विद्यार्थ्याच्या बँक-खात्यातील शिल्लक पाहून महिना १०० ते ५०० यूरो परतफेडीच्या अटीविना देण्यात आले. मागील वर्षाच्या उत्पन्नाऐवजी त्या दिवशीची शिल्लक प्रमाण मानणारी ही पद्धत सोपी असली, तरी तिच्या मर्यादाही तेथे दिसून आल्या : साथीपूर्वीपासूनच ज्यांचे खाते रिकामे होते, त्यांची अडचण साथीमुळे उद्भवलेली नाही, असे ठरून अनेकांचे अर्ज फेटाळले गेले. दर महिन्याला ज्याला तातडीच्या मदतीची गरज भासते, त्याच्यापुढील संकट आकस्मिक नसून दारिद्र्याचे असते, आणि त्यावर पुरेशी व नियमित शिष्यवृत्ती हाच उपाय असतो.